उजव्या अंगाची खिडकी

विमानाचं तिकीट काढताना शेवटी एक चित्र येतं. मधे वाट, दोन्हीकडे तीन-तीन चौकोन. राखाडी म्हणजे गेलेले, निळे म्हणजे शिल्लक. खाली लिहिलेलं असतं, 'आपले आसन निवडा'. माणसं दोन सेकंदांत बोट टेकवून मोकळी होतात. माझं बोट तिथं अडकतं. बायको म्हणते, "मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढा विचार केला नव्हता." तिला कारण माहीत आहे, तरी म्हणते.

कारण आहेत गेनूनाना. पुण्याजवळच्या मारुंजीचे माझे घरमालक. आता नाना नाहीत, ते घरही नाही. मी मात्र आहे, आणि महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये बसून निळ्या चौकोनांकडे बघताना अजून कान गरम होतात.

परभणीहून हिंजवडीत नोकरीला लागलो, तेव्हा खोली शोधत नानांच्या दारात उभा राहिलो. सत्तरी ओलांडलेले नाना ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पांढरी टोपी, दंडावर घट्ट बसलेला सदरा.

"गाव?"

"परभणी."

"नाव?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि शेंगेच्या टरफलाबरोबर टाकून दिलं. त्या दिवसापासून मी 'परभणी' झालो. शेजारच्या खोलीत लातूर, त्याच्या पलीकडे जळगाव. कोपऱ्यात दोघं सांगलीचे होते, तर घोटाळा नको म्हणून एक सांगली आणि एक थोरली सांगली. खाली नाना, मुलगा संतोष आणि सून वैशाली, वर आम्ही दहा खोल्यांत अर्धा महाराष्ट्र. "परभणी, मोटार बंद कर!" अशी हाक गच्चीवरून आली की रस्त्यावरचे लोक वर बघायचे, अख्ख्या जिल्ह्याला मोटार बंद करायला सांगणारा हा कोण.

नानांचा खरा अभ्यासाचा विषय म्हणजे बसायची जागा. "तिकीट कुनीबी काढतं, जागा धरता आली पायजे," हे त्यांचं वाक्य. लग्नाच्या पंगतीत ते थेट पाटावर बसत नसत. आधी मांडवभर एक फेरी मारायचे, भात कुठून येतो, वाढपी कुठून वळतो, हे बघायचे आणि मग अशा कोपऱ्यात बसायचे की त्यांच्या पानावर पहिली वाफ यावी. नवरदेवाच्या बापाला जागा मिळाली नाही तरी चालेल, नानांची ठरलेली असायची.

बसच्या बाबतीत तर ते कडक होते. एकदा त्यांच्याबरोबर पुण्याला निघालो होतो. बस आली, उभं राहायला ऐसपैस जागा होती, बसायलाही दोन-चार जागा होत्या. नानांनी आत डोकावून बस सोडून दिली.

"अहो नाना, ती पण पुण्यालाच जाते."

"जाती. पन दाखवत काय न्हाई. खिडकी न्हाई राहिली."

पुढच्या बसला खिडकी मिळाली. नाना उजवीकडे बसले. म्हणाले, उन्हाळ्यात सकाळी जाताना उजव्या अंगाला बसायचं आणि संध्याकाळी येतानाबी उजव्याच अंगाला. मी हसलो. मी इंजिनीयर. जाताना ऊन डावीकडून आलं तर येताना ते उजवीकडूनच आलं पाहिजे, हे मी त्यांना हातवारे करून पटवून दिलं आणि परतीच्या बसमध्ये मोठ्या आत्मविश्वासानं डावीकडे बसलो. वाकडपर्यंत माझा डावा कान पापडासारखा भाजून निघाला. सकाळचा सूर्य संध्याकाळी बाजू बदलतो आणि तेवढ्यात बसचंही तोंड फिरलेलं असतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. नाना पलीकडे सावलीत बसले होते. उतरताना फक्त आपला पंचा माझ्या डोक्यावर टाकला.

शहाणा माणूस तिथंच सुधारला असता.

आमच्या गच्चीवरून विमानं दिसायची. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणारी बरीच विमानं मारुंजीवरून जातात, आणि त्यातही आमच्या घराच्या जरा उत्तरेकडून, देवळाच्या शिखरावरून. नाना सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीत बसायचे. "आलं बघ. आता पाय काढंल." आणि खरंच, देवळाच्या जरा अलीकडे विमानाच्या पोटातून चाकं बाहेर यायची. "बगळ्यावानी," नाना म्हणायचे.

एकदा मी विचारलं, "नाना, बसायचंय का विमानात?"

"बसायचं न्हाई रं. बघायचंय."

"काय?"

त्यांनी कपानं खाली खूण केली. घरामागं त्यांचं उरलेलं तीस गुंठे रान होतं. बाकीचं कधीच बिल्डरांकडे गेलेलं. मधे विहीर, बांधावर दोन करंजाची झाडं, भातखाचरांचे तुकडे. होळी झाली की हेही जाणार होतं, घरासकट. संतोषनं सह्या केल्या होत्या. नानांनीही केल्या होत्या, त्यांची काही तक्रार नव्हती.

"ल्हान होतो तवापासनं ह्या रानात चालतुया," ते म्हणाले. "पायाखालचं दिसतं, फुडचं दिसतं. पन आख्खं रान कसं हाय, त्ये कदी दिसलं न्हाई. मान्साला आपलं त्वांड दिसतं का? त्ये घारीला ठावं. जायाच्या आदी एकडाव घारीवानी बघायचंय बग."

मी तेव्हाच मनात ठरवलं की हे काम आपलं. उपकार करायची हौस मला लहानपणापासून आहे. अक्कल तेवढी नंतर येणार होती, ती अजून वाटेत आहे.

योग जुळून आला. नानांची मुलगी सुमन दिल्लीला असते. दिवाळीनंतर जावई आले आणि रेल्वेनं नानांना महिनाभर दिल्लीला घेऊन जायचं ठरलं. नेमकं त्याच महिन्याच्या शेवटी मला कंपनीच्या कामाला दिल्लीला जायचं होतं. संतोष म्हणाला, "येताना तुमच्याबरोबर विमानानंच आणा त्यांना." झालं. नाना दिल्लीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो. लातूर होता, जळगाव होता. मी सभा भरवल्यासारखा मधे बसलो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमची कंपनी ट्रकवाल्यांसाठी ॲप बनवते. पुढे डावीकडे वळा, आता उजवीकडे वळा. म्हणजे ह्या देशातल्या हजारो ट्रकांना डावं-उजवं सांगून मी पोट भरतो. तर मी नकाशा उघडला आणि पेन्सिल फिरवली. "हे बघा नाना. वर दिल्ली, खाली पुणं. विमान असं वरून खाली येणार. आणि मारुंजी पुण्याच्या कुठं? डावीकडे. म्हणजे आपण डावीकडची खिडकी घ्यायची."

नाना नकाशाकडे बघत राहिले. मग उठले. गच्चीच्या मधोमध जाऊन दिल्लीकडे पाठ केली आणि दोन्ही हात आडवे पसरले.

"ह्ये मी इमान," ते म्हणाले. "दिल्लीवरनं आलो. त्वांड दक्षिणेला. आता मावळत माझ्या कुठल्या हाताला हाय?" सूर्य समोरच्या टॉवरांमागं उतरत होता. त्यांचा उजवा हात सरळ त्याच्याकडे दाखवत होता. "पुण्याच्या मावळतीला आपन. मंजी उजवीकडं. आनि उतरताना त्वांड उगवतीला करतं, रोज बघतुया. देवळावरनं जातं. मंग घर खाली ऱ्हातं, त्येबी उजव्याच अंगाला."

पंख पसरलेला तो म्हातारा अगदी बरोबर होता. आणि मी हसलो. एकटा हसलो असतो तर एक वेळ चाललं असतं. लातूर-जळगावकडे बघून, त्यांना हसवून हसलो.

"नाना, ही एसटी आहे का? वर वेगळं असतं."

त्यांनी हात हळूहळू खाली घेतले. आधी डावा, मग उजवा.

"तसं आसंल," ते म्हणाले. "तुमचा धंदा हाय त्यो."

मी तिथंच डावीकडचे दोन चौकोन दाबले. नानांना खिडकी, मला त्यांच्या शेजारची. नानांनी सुनेला हाक मारली, "वैशाली, आमी येनार त्या दिशी गच्चीवर पिवळी ताडपत्री टाक गं. मंजी वरनं घर चुकायचं न्हाई." ती ताडपत्री म्हणजे ज्यावर दर वर्षी भात वाळायचा ती, अर्धी गच्ची व्यापणारी. आम्ही सगळ्यांनी ह्या युक्तीला दाद दिली.

महिन्याभरानं दिल्लीच्या विमानतळावर नाना भेटले ते नव्या सदऱ्यात. बाकड्यांच्या रांगेतही त्यांनी फिरून, विमान दिसेल अशी जागा धरली होती. मी चहा आणायला गेलो. परत येताना ते फोनवर बोलत होते. मला शेवटचंच ऐकू आलं, "बरं. बरं. ऱ्हाऊ दे." फोन खिशात टाकून त्यांनी चहा घेतला.

"घरी सगळं ठीक?" मी विचारलं.

"ठीक हाय."

सकाळचं विमान अर्धंअधिक रिकामं होतं. वाटेपलीकडे, आमच्याच रांगेतल्या उजवीकडच्या तिन्ही जागा मोकळ्या. नाना खिडकीला बसले, पट्टा बांधून घेतला, आणि विमान वर जाताना त्यांनी माझं मनगट धरलं, तेवढंच. नंतर सोडलं आणि काचेला चिकटले. टोपीचं टोक काचेला लागत होतं म्हणून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बिनटोपीचं बघितलं.

तासाभरानं ते म्हणाले, "परभणी, ऊन डाव्या गालावर हाय."

"हो."

"सकाळची येळ. मंजी उगवत हिकडं."

"हो."

"मंग मावळत तिकडं." त्यांनी हनुवटीनं पलीकडची रिकामी रांग दाखवली.

"वर वेगळं असतं, नाना," मी म्हणालो. तरी मी फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा उघडला. वर दिल्ली, खाली पुणं, मधे बाण. बाणाचं टोक खाली. मी फोन हातात हळूच फिरवला, टोक वर येईपर्यंत. मारुंजी सरकत सरकत उजवीकडे गेली.

नकाशा असा माणसाच्या तोंडाप्रमाणे फिरवायची सोय आमच्या ॲपमध्ये आहे. एक बटण दाबलं की झालं. ते बटण मीच लिहिलंय.

आता जे सांगतो ते खरं तर सांगू नये. तेव्हा पट्ट्याचा दिवा लागलेला नव्हता. वेळ होता, पंधरा-वीस मिनिटं तरी. जागा रिकाम्या होत्या. दोन पावलांची वाट ओलांडायची होती आणि चार शब्द बोलायचे होते, 'नाना, चुकलो, तिकडं चला.' एवढंच. मी नाही बोललो. का, म्हणून मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. संध्याकाळी गच्चीवर लातूर आणि जळगाव हसतील, ह्यापेक्षा मोठं कारण मला सापडलेलं नाही. एका माणसानं आयुष्यभर चाललेलं रान एका पारड्यात, आणि दुसऱ्यात लातूरचं हसणं. पारडं लातूरकडं झुकलं.

टिंग करून दिवा लागला. आता उठता येणार नव्हतं. मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं झालं.

विमान खाली आलं. नानांचं कपाळ काचेला टेकलेलं. खाली एक नदी वळत गेली.

"ही इंद्रायणी वाटती," नाना म्हणाले.

"मुळा आहे, नाना."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं दोन्ही नद्यांत पोहून लहानपण काढलं, त्याला मी नदी शिकवत होतो.

"व्हय का," ते म्हणाले आणि परत वळले.

मग कारखान्यांची पत्र्याची छपरं आली, त्यांत कुठंतरी पिवळं काहीतरी चमकलं. क्रेन असेल, ट्रक असेल. मी जवळजवळ ओरडलोच. "ती बघा! ती पिवळी! ताडपत्री, नाना!"

नाना थोडा वेळ बघत राहिले. पिवळं कधीच मागं गेलं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "दिसली."

"विहीर दिसली?"

"दिसली की."

"आणि रान?"

"समदं दिसलं. लई झ्याक." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्याच वेळी पलीकडच्या रिकाम्या खिडकीतून हिरवट-तपकिरी काहीतरी सरकत होतं. मी एकदाच तिकडे बघितलं. नानांनी एकदाही नाही.

त्या संध्याकाळी नानांनी ओट्यावर सगळ्यांना बोलावून चहा पाजला. "परभणीनं दाखवलं," ते येईल त्याला सांगत होते. "पार हिरीतलं पानी चमकाय लागलं व्हतं." लातूरनं विचारलं, "नाना, मग डावीकडूनच दिसलं ना? तुम्ही उगाच पंख पसरले होते." नाना म्हणाले, "न्हाई बाबा, वर येगळंच आसतं." मी खाली मान घालून चहा पीत होतो. लोकांना तो विनय वाटला.

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, वैशालीवहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी तिथं दात घासत उभा होतो.

"भाऊ, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला खरंच ताडपत्री दिसली?"

"दिसली की. का?"

"मी टाकलीच नव्हती. त्या दिवशी सकाळीच बिल्डरचे मोजणीवाले आले, गच्ची मोकळी करा म्हणाले. मी लगेच नानांना फोन करून सांगितलं पण. ते विमानतळावरच होते. म्हणाले, बरं, ऱ्हाऊ दे." त्यांनी चिमटा लावला. "आणि आल्यावर सगळ्यांना सांगतात, ताडपत्री दिसली! मला वाटलं, वयानं डोळे तरी गेले, नाहीतर डोकं. डॉक्टरला दाखवावं का त्यांना?"

तोंडात फेस होता म्हणून मला बोलावं लागलं नाही.

नानांचे डोळे चांगले होते, डोकं तर त्याहून. विमानात बसायच्या आधीपासून त्यांना ठाऊक होतं की गच्ची मोकळी आहे. मी नसलेली ताडपत्री दाखवत होतो तेव्हा ते मला बघत होते, अख्खाच्या अख्खा, वरून, घारीसारखे. आणि वर गावभर माझी अब्रू सांभाळत फिरत होते.

पुढचे आठ-दहा दिवस मी चोरासारखा राहिलो. ओट्यावर नाना दिसले की मागच्या जिन्यानं जायचो. शेवटी त्यांनीच गाठलं.

"परभणी, लपतूस का रं?"

"नाही नाना. नाना, मी तिकीट काढतो. आपण परत जाऊ. दिल्लीला जाऊन दुसऱ्या दिवशी परत. सुमनताईंना पण..."

"न्हाई," ते म्हणाले. "कानात लई दडा बसतो. आठ दिस उतरला न्हाई. आनि कितींदा बघायचं? बघितलं की एकडाव."

मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "फेब्रुवारीत मला एकट्याला जायचंय दिल्लीला. गुरुवारी सकाळच्या विमानानं परत येतोय."

"कुठल्या अंगाला बसनार?"

"उजव्या."

माझा कबुलीजबाब तेवढाच. आयुष्यात एकदाच दिला, आणि तोही एका शब्दाचा.

नानांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "वैशाली, गुरवारी ताडपत्री."

त्या गुरुवारी मी काचेला कपाळ लावून बसलो होतो. विमान पूर्वेला वळलं. लांब धुक्यात मुळशीच्या धरणाचं पाणी पत्र्यासारखं दिसलं, मग डोंगर, मग शेजारच्या नेरे गावाकडची रानं आणि मधे मधे उगवलेले टॉवर. आणि मग, शोधायच्या आधीच, पिवळा चौकोन. इतका पिवळा की डोळ्यात जावा. त्याच्या मागं रान. विहीर म्हणजे गोल काळा डोळा. करंजाची दोन झाडं म्हणजे दोन हिरवे ठिपके. खाचरांच्या रेषा हाताच्या रेषांसारख्या. चार सेकंद असेल, फार तर पाच. चौकोनाच्या कडेला एक पांढरा कण होता. तो हलत नव्हता. मग पंख आडवा आला.

दुपारी घरी पोचलो आणि बॅग न ठेवता सरळ गच्चीवर गेलो. नाना ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसले होते. घर पाडणार म्हणून खोल्यांतली मुलं सोडून गेली होती, मोटारीसाठी हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

"दिसलं?"

"दिसलं, नाना."

"आता खरं बोलतूस," ते म्हणाले. "मंग सांग." आणि त्यांनी डोळे मिटले.

मी सांगू लागलो. कधी नव्हे ते काही न वाढवता. विहीर कुठं, झाडं कुठं, ताडपत्री केवढी दिसते. नाना मिटल्या डोळ्यांनी मान हलवत होते. मधेच त्यांनी विचारलं, "बांध सरळ हाय का?"

"सरळ आहे. फक्त विहिरीपाशी बाहेर आलाय, पोट सुटल्यासारखा. पलीकडच्या रानात."

नानांचं तोंड हळूहळू पसरलं. सगळे उरलेले दात दिसले. "मंजी भावकी खरं बोलत व्हती. आमच्या म्हाताऱ्यानं तेवढा खाल्ला व्हता. साठ वरसं आमी न्हाई न्हाई म्हनत भांडतुया." ते हसले, हसता हसता खोकले, डोळे पुसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"धर तिकडनं," ते म्हणाले.

मी माझ्याकडची दोन टोकं धरली, त्यांनी त्यांच्याकडची. ताडपत्री अर्धी केली, पाव केली. दर घडीला नाना आपली टोकं घेऊन माझ्याकडे चालत यायचे, माझ्या हातात द्यायचे आणि खालची घडी उचलायला मागं जायचे. वरून एक विमान गेलं, पाय काढलेलं. नानांनी वर पाहिलं नाही. ते माझ्याकडेच चालत येत होते, दोन्ही हात पसरून, आणि मला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता म्हणून मी टोकं नीट जुळताहेत का तेच बघत राहिलो.